उजव्या टोकाची रेकॉर्ड

कुणी विचारलं की ती सांगायची, "जरा ब्रेक घेतलाय. घर बदलायचंय ना."

लोकांना ते पटायचं. घर बदलायच्या आधी माणसं काय काय थांबवतात. कुंडीत नवं रोप लावत नाहीत, डबे काठोकाठ भरत नाहीत, भिंतीवर खिळा ठोकायचा असला तर "आता काय, तिकडेच" म्हणून हातोडी परत ठेवून देतात. तिने रेकॉर्डी ऐकणं थांबवलं होतं. घर बदलायचं ठरण्याच्या कितीतरी आधी ते थांबलं होतं, पण तेवढं खोलात कोण शिरतंय? आणि शिरलं असतं तरी तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नसती.

कारण कानाचं होतं. मुलगी झाली त्या दिवसापासून तिचे कान जे कामावर रुजू झाले, त्यांना नंतर रजा म्हणून मिळाली नव्हती. आतल्या खोलीत गठुडी झोपलेली असायची. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं, दुपट्यात गुंडाळलेली बघून, आणि बारशाचं नाव कागदावरच राहिलं. गठुडी झोपली की हिचे कान भिंतीपलीकडे जाऊन बसायचे. श्वास येतोय का, येतोय. मधेच थांबला का, थांबला, नाही, आला. पाळण्याजवळ ठेवायचं एक यंत्र नवऱ्याने आणलं होतं, त्यातून बाळाचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तो त्याला वॉकीटॉकी म्हणायचा. वॉकीटॉकी सतत खरखरायची आणि त्या खरखरीतून ती श्वास वेचून काढायची. आता या कानांना गाणं कुठून ऐकवणार? एका म्यानात... असो. कान दोनच होते आणि दोन्ही कामात होते.

पण हेही अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की तिला ऐकावंसंच वाटत नव्हतं. खरं म्हणजे तिला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल बोटांना दुसऱ्या कुणाचा लागतो, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं. काळजी तेवढी चालू होती. घरातले दिवे सगळे गेलेत आणि फ्रिज एकटा घुरघुरतोय, अशी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, होतं असं, वेळ द्या, झोप घ्या. वेळ ती देत होती. झोपेचं मात्र डॉक्टरीणबाईंनाच विचारायला हवं होतं, कुठे मिळते म्हणून.

नव्या घराचा हॉल लहान होता. नवरा एका रविवारी मोजायचा टेप घेऊन तिकडे जाऊन आला आणि खुशीत म्हणाला, "तुझं कपाट बसतंय. खिडकीसमोर नाही, आतल्या भिंतीला. उन्हाची भानगडच नको."

ती दुपट्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "कपाट नकोच न्यायला."

"मग रेकॉर्डी कशात ठेवायच्या?"

"त्याही नकोत. देऊन टाकू. खोकेकाकांना विचारते."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. खोकेकाका म्हणजे शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात जुन्या रेकॉर्डींचं दुकान चालवणारे. दुकानात मांडणी म्हणून नव्हती, सगळा माल खोक्यांत, म्हणून ते खोकेकाका. कॉलेजच्या दिवसांपासून तिच्या अर्ध्याहून जास्त रेकॉर्डी त्यांच्याकडून आलेल्या. प्रत्येक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून ती केसाएवढा ओरखडाही शोधून काढायची, म्हणून तेही तिला सुईबाई म्हणायचे.

"अगं, ब्रेक म्हणजे ब्रेक," नवरा म्हणाला. "घटस्फोट नव्हे."

"ज्याचं काही वाटत नाही ते कशाला उचलून न्यायचं? तुझी पाठ धरेल उगाच."

"माझ्या पाठीचं मी बघतो."

पण तिने फोन केला. काकांनी शुक्रवार दिला. शनिवारी सामानाचा ट्रक येणार होता, म्हणजे आदल्या दिवशी कपाट रिकामं. एवढी वर्षं जमवलेलं तिने एका फोनवर सोडून दिलं आणि फोन ठेवून परत दुपट्यांना लागली. नवऱ्याला ते दिसलं. त्याने टेप आत ओढून घेतला फक्त, तो खटकन आवाज करून.

आता त्या कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

कपाटाला चार कप्पे. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या. बाहेरच्या माणसाला त्यात काही क्रम दिसला नसता. गाणाऱ्याच्या नावाप्रमाणे नाही, सालाप्रमाणे नाही, कशाहीप्रमाणे नाही. क्रम होता तो ऐकण्याचा. रेकॉर्ड ऐकून झाली की ती जागच्या जागी परत जायची नाही, शेवटच्या कप्प्याच्या उजव्या टोकाला जायची. मग बाकीच्या सगळ्या एक एक पाऊल डावीकडे सरकायच्या. असं केलं की उजवीकडे ताज्या ऐकलेल्या राहतात आणि डावीकडे हळूहळू विसरलेल्या जमा होतात. अधूनमधून ती मुद्दाम डाव्या टोकाची एखादी काढून लावायची, कुणी कायमचं मागे पडू नये म्हणून. नवरा म्हणायचा, लायब्ररीत असं लावलं असतंस तर पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं. पण तिला कपाटासमोर उभं राहून सांगता यायचं. इथपासून इथपर्यंत तापात पडले होते, या चार लग्नाच्या आदल्या आठवड्यातल्या, इथे आपलं मोठं भांडण झालं होतं बघ, सगळ्या नुसत्या वाद्यांच्या आहेत, कुणाही माणसाचा आवाज नको झाला होता.

एकच रेकॉर्ड कपाटात नव्हती. गठुडीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा जी चालू होती ती. एका बाईचं गाणं, मागे एक व्हायोलिन, आणि कव्हरवर बाईंचं नाव धड वाचता येऊ नये असं छापलेलं. ती बाजू संपली, सुई आपोआप उठली, आणि ही दोघं दवाखान्यात गेली. रेकॉर्ड प्लेयरवरच राहिली. वरचं पारदर्शक झाकण बंद होतं. घरी आल्यावर त्या झाकणावर पहिल्यांदा दुपटी ठेवली गेली, मग लंगोट, मग अंगड्याटोपड्यांचा ढीग. सपाट जागा घरात रिकामी राहते कुठे?

बुधवारी सासूबाई आल्या, बांधाबांध करायला. येतानाच पदर खोचलेला. त्यांनी गठुडीला हिच्या हातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा. डोळे बघ कुठे गेलेत."

ती आत जाऊन पडली. झोप लागली नाही, पण भिंतीला कान लावून ती पडून राहिली. बाहेर सासूबाई बाळाशी बोलत होत्या, काहीतरी सरकवत होत्या, सरकवता सरकवता स्वतःशीच वाद घालत होत्या. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

कपाट बदललं होतं. वरच्या कप्प्याच्या डाव्या टोकाला पांढरी कव्हरं, मग साईच्या रंगाची, मग फिकी पिवळी, पुढे केशरी, लाल, तिसऱ्या कप्प्यात हिरवी निळी, आणि खाली उजवीकडे करडी होत होत शेवटी काळीकुट्ट. सासूबाईंनी जन्मभर कापडाच्या दुकानात नोकरी केलेली. फिक्यापासून गडदपर्यंत ताके लावणं हे त्यांच्या हातालाच ठाऊक.

"धूळ काय बसली होती! एकेक पुसून लावली. हा मोरपंखी कुठे घालावा कळेना. निळे घेईनात, हिरवे घेईनात. शेवटी दोघांच्या मधे उभा केला, म्हटलं भांडण नको." सासूबाई एक पाऊल मागे गेल्या आणि मान तिरकी करून बघू लागल्या. "आता कसं, उठून दिसतंय की नाही?"

ती बघत राहिली. काय झालंय ते तिला पहिल्याच नजरेत कळलं होतं. ताप गेला, लग्नाचा आठवडा गेला, भांडण गेलं. ते आता कुणालाच परत लावता येणार नव्हतं, तिलाही नाही. कळलं आणि ती वाट बघत उभी राहिली. आता येईल, आता पोटातून काहीतरी वर येईल. जिना चढणाऱ्या माणसाची वाट बघावी तशी तिने वाट बघितली. कुणी आलं नाही.

"छान दिसतंय, आई," ती म्हणाली आणि बाळाला घेतलं.

संध्याकाळी नवरा आला. खांद्यावरची बॅग अर्धी उतरवली आणि तशीच लोंबकळत ठेवून तो कपाटाकडे बघत राहिला. मग आईकडे. मग हिच्याकडे. त्याचा चेहरा कपाटातल्या पहिल्या कप्प्यासारखा झाला.

स्वयंपाकघरात त्याने तिला गाठलं. आवाज एकदम खाली. "तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?"

"काय म्हणजे! माझ्या त्या मित्राने एकदा एक रेकॉर्ड ऐकून जागच्या जागी परत ठेवली होती. जागच्या जागी! तर जेवण होईपर्यंत त्याला ऐकवत होतीस. तो अजून आपल्याकडे आला की हात मागे बांधून बसतो."

"जायच्याच आहेत ना त्या? कुठल्या का क्रमाने जाईनात."

तो ओट्याला टेकला. वॉकीटॉकी खरखरत होती. "तू भांड ना," तो म्हणाला. "आईशी नको तर माझ्याशी भांड."

"कशावरून?"

"कशावरूनही. कशावरूनही चालेल मला. हे चालत नाही."

तिने प्रामाणिकपणे विचार केला. भांडायला काही सापडतंय का ते आत चाचपून पाहिलं. रिकाम्या पर्समध्ये सुटे पैसे शोधावेत तसं. "आत्ता नाही आठवत," ती म्हणाली. "आठवलं तर सांगते."

शुक्रवारी काका आले ते एक दुमडायची ट्रॉली खडखडवत. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर खोकी, पलंग उभा करून भिंतीला लावलेला, पडदे काढल्यामुळे खिडकी उघडीबोडकी. सासूबाई तेवढ्या एका खुर्चीत बसून होत्या आणि मांडीवर गठुडी झोपली होती, तोंड उघडं टाकून. खिडकीच्या कठड्यावर एका भांड्यात गरम पाण्यात दुधाची बाटली ठेवलेली, उठली की लागेल म्हणून. नवरा दारात बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"कुठायत सुईबाई?" काकांनी आरोळी दिली, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "अरेच्चा. ही कोण, छोटी सुई?"

"सुई कसली!" सासूबाई म्हणाल्या. "गठुडी आहे. आणि हळू बोला हो, आत्ता डोळा लागलाय."

काकांची नजर कपाटाकडे गेली. "हे काय? रंगाचं दुकान काढलंत?"

"मी लावलंय," सासूबाईंनी मान वर केली.

"तुम्ही," काका म्हणाले. "आणि यांनी लावू दिलं." ते हिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग खाकरले. "एखादी वाजवून बघतो. न ऐकता माल हलवायचा नाही, असा आपला नेम आहे. प्लेयर चालू आहे ना?"

प्लेयर अजून बांधला नव्हता. झाकणावरचा कपड्यांचा ढीग तिने उचलून एका खोक्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. ती रेकॉर्ड तिथे होती. तिने काही हलवलं नाही. "हीच लावा," ती म्हणाली. "हळू लावा फक्त."

काकांनी सुई टेकवली. आधी नुसती खरखर आली. ही खरखर तिच्या ओळखीची होती, वॉकीटॉकीची तशीच होती की काय असं क्षणभर वाटलं. मग व्हायोलिन, मग बाईंचा आवाज. ती गठुडीच्या छातीवर नजर ठेवून उभी होती. वर, खाली. वर, खाली. गाणं चालू होतं आणि तिला काहीही होत नव्हतं. बघा, ती मनात म्हणाली. म्हटलं नव्हतं?

आणि मग घास चावताना दाताखाली खडा यावा तसं काहीतरी आलं.

ती जरा थांबली. परत आलं.

"हळू चाललीय," ती म्हणाली.

"आवाज ना? वाढवू?"

"आवाज नाही हो. रेकॉर्ड. हळू फिरतेय."

काकांनी मान वाकडी करून ऐकलं. "छे. ठीक आहे की."

"नाही. बाईंचा आवाज ऐका. जाडा लागतोय. त्या इतक्या जाड्या नाही गात."

"सर्दी झाली असेल त्यांना," दारातून नवरा म्हणाला.

"गाताना झाली असती तर आधीपासून ऐकू आली असती. मला पाठ आहे ही." तिने बाळावरची नजर काढली होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. "आणि डगमगतेय. आता बघा, व्हायोलिन लांब ओढेल. हं. गेलं की नाही खाली? प्रत्येक फेऱ्याला जातंय."

"मला तर बाई गोड वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "झोप येईल असं."

"सुईबाई," काका म्हणाले, "आता द्यायच्याच म्हटल्यावर पाव सूर इकडे काय आणि तिकडे काय?"

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय."

काकांनी कानामागे खाजवलं.

तिला चीड आली. रडू नव्हे, आनंद तर नव्हेच. ओला मोजा पायात घातल्यावर येते तेवढीच, साधी, चिल्लर चीड. पण ती आली. ती प्लेयरपाशी बसली, सुई उचलली, रेकॉर्ड काढून काकांच्या हातात दिली, आणि खालची जड थाळी दोन्ही हातांनी वर उचलली. आत रबरी पट्टा होता. मोटर फिरते, मोटर पट्ट्याला फिरवते, पट्टा थाळीला. इतके महिने एकाच जागी ताणून बसल्यामुळे मोटरच्या दांडीभोवती त्याला बाक आला होता. बाहेर काढला तरी तो बाक सोडत नव्हता, बराच वेळ मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखा.

"आखडलाय," ती म्हणाली. उठली, कठड्यावरच्या भांड्यातली बाटली बाहेर काढली आणि पट्टा गरम पाण्यात सोडला.

"अगं!" सासूबाई अर्ध्या उठल्या आणि मांडीवरच्या ओझ्यामुळे परत बसल्या. "बाळाचं पाणी ते!"

"दुसरं करते."

"रबर घातलंस त्यात!"

"बाटलीचं बूचही रबराचंच असतं, आई."

नवऱ्याच्या हातातली चिकटपट्टी तशीच ताणलेली राहिली होती. खिडकीत पाखरू येऊन बसलं की माणूस जसा हलत नाही, तसा तो बसला होता.

तिने पट्टा पाण्यात बोटांनी दाबला, मळला, सरळ केला. मग एका धुतलेल्या लंगोटात धरून पुसला, आतली बाजू बाहेर करून उलटा चढवला, थाळी ठेवली, काकांच्या हातून रेकॉर्ड घेतली, सुई टेकवली. पहिल्या काही फेऱ्या तिने डोळे मिटून ऐकल्या. व्हायोलिन लांब ओढलं गेलं आणि सरळ राहिलं.

"गेली सर्दी," काका म्हणाले.

"हं. आता बरोबर." भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्यावर माणूस म्हणतो तेवढंच ते होतं. याहून जास्त काही झालं नाही. पण गाण्याची बाजू अर्धी झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपली पाठ गठुडीकडे आहे. कधीपासून आहे? पट्टा पाण्यात होता तेव्हा, पुसत होतो तेव्हा, एकदाही श्वास ऐकला नाही. तिने वळून बघितलं. गठुडी होती तिथेच होती. तोंड उघडं. वर, खाली. एका हाताची मूठ सासूबाईंच्या पदरात. कुणी पहारा देत नसतानाही तिने सगळे श्वास व्यवस्थित घेतले होते.

"चला," काकांनी हात चोळले. "प्लेयर उत्तम, माल उत्तम. मी आपला पांढऱ्यापासून सुरुवात करतो." त्यांनी वरच्या कप्प्यातून ओंजळभर रेकॉर्डी बाहेर ओढल्या आणि ट्रॉलीवर ठेवण्यासाठी वळले. ओंजळीतली सगळ्यात वरची लग्नाच्या आठवड्यातली होती. तिच्याखाली तापातली. त्यांची आयुष्यात कधी गाठ पडायचं कारण नव्हतं.

"ही इथे कशी?" ती म्हणाली.

"पांढरी आहे ना," सासूबाईंनी समजावलं.

"आई, तुम्ही रंगाने का लावल्यात?"

आवाज तिचाच होता, पण इतका मोठा तो तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. गठुडी दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. बाई प्लेयरवर गात राहिल्या.

"मी... कधी?" सासूबाई भांबावल्या.

"परवा!"

"परवा लावल्या आणि आज विचारतेस?"

"आज राग आला!"

"राग काय टपालाने येतो का तुझा?" सासूबाईंनाही आता चढला. बाळाला खांद्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, छान दिसतंय? माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस!"

"छानच दिसतंय! पण ते दिसायला नाहीये ना! त्यात माझं सगळं लावलेलं होतं. कुठली कधी ऐकली ते. डावीकडे जुन्या, उजवीकडे नव्या. एकेक सरकवत, इतकी वर्षं. तुम्ही एका दुपारीत ढवळून टाकलंत. विचारायचं तरी एकदा!"

"मला वाटलं कुणाचं लक्षच नाहीये त्यांच्याकडे. झाकणावर लंगोट, कव्हरांवर बोटभर धूळ. म्हटलं, घरातून जायचंच आहे तर निदान नीटनेटकं होऊन जाऊ दे. कुणी हातात घेतलं तर तोंड वाकडं करू नये." सासूबाईंचा आवाज शेवटी जरा चिरकला. मग त्या मुलावर घसरल्या. "आणि तू रे, दात काय काढतोयस?"

नवरा खोक्याआड तोंड लपवून बसला होता. खांदे हलत होते. वर बघितलं तेव्हा डोळे मात्र हसल्यासारखे नव्हते. "काही नाही," तो म्हणाला. "चालू द्या तुमचं. मी चहा टाकतो."

"भांडी बांधलीयत," दोघी एकदमच म्हणाल्या.

काका ओंजळ धरून मधे उभे. "सुईबाई, हे ट्रॉलीवर ठेवू की कपाटात?"

तिने बाळाला घेतलं. गठुडी तापलेली, घामेजलेली, संतापाने लालबुंद. दोघींचाही राग एकाच वेळचा. "कपाटात," ती म्हणाली.

"म्हणजे देत नाही?"

"ब्रेक घेतलाय मी, काका. ब्रेकमध्ये असलं काही ठरवत नसतात."

"हे फोनवर नाही सुचलं? मी ट्रॉली घेऊन केवढा लांबून आलोय!" ते कुरकुरले, पण ओंजळ परत ठेवताना प्रत्येक रेकॉर्ड सरळ उभी आहे ना ते बघून ठेवली. जाताना दारात थांबून नवऱ्याला म्हणाले, "ती वाजली ना, ती एकटी तरी मिळेल का विचारा. नंतर कधीतरी."

"तुम्ही विचारा," नवरा म्हणाला. "माझा मित्र अजून हात मागे बांधून बसतो."

तो राग संध्याकाळपर्यंत टिकला नाही. कपातला चहा निवावा तसा निवत गेला, आणि दिवेलागणीला गाल परत दुसऱ्या कुणाचा झाला. तिला ते कळत होतं. पण इंजेक्शन उतरायला लागतं तेव्हा आधी ओठाच्या एका कोपऱ्याला नुसती टोचणी लागते, हेही तिला ठाऊक होतं. त्या कोपऱ्यावर जीभ फिरवावी तशी ती अधूनमधून दुपारचं आठवून बघत होती.

रेकॉर्डी खोक्यांत भरायला दोघी सासूसुना बसल्या. आडव्या रचायच्या नाहीत, उभ्याच ठेवायच्या, हे तिने एकदा सांगितलं आणि सासूबाईंनी ते पुढे नवऱ्याला दहादा सांगितलं. आधी तिने क्रम आठवून बघितला. शेवटच्या काही आठवल्या, त्यांच्या मागच्या चार अदमासाने, आणि मग धुकं. हातात दोन रेकॉर्डी धरून ती फरशीवर बसून राहिली.

"नाही आठवत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"काय करायचं मग?" त्या खरोखरच विचारत होत्या. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच हे केलं होतं, आणि ते त्यांना आता कळलं होतं. त्यांनी एक कव्हर पदराने पुसलं, पुसलेलंच होतं तरी. "ऐकशील तशी लागेल ना परत? ऐकलेली उजवीकडे?"

"लागेल. ऐकलं तर."

"मग तोवर रंगाने राहू दे की."

तिने पांढऱ्यांसाठी एक खोकं पुढे ओढलं. पांढरी, साईची, पिवळी, केशरी, अशी खोकी भरत गेली. सगळ्यात शेवटच्या खोक्यात काळी कव्हरं बसली आणि टोकाला एका रेकॉर्डीपुरती फट उरली. ती उठली. प्लेयरवरची रेकॉर्ड काढली, कडेने धरून आतल्या कागदात सरकवली, मग कव्हरात, आणि ते कव्हर काळ्यांच्या पलीकडे, उजव्या टोकाला उभं केलं. कव्हर फिक्या पिवळ्या रंगाचं होतं.

सासूबाईंचा हात तिकडे गेला. खोक्याच्या काठापर्यंत जाऊन तो थांबला आणि परत मांडीवर आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला, पुन्हा आला.

"ही इथेच राहणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"इथेच."

"बरं."

नवऱ्याने खोकं बंद केलं, चिकटपट्टी लावली, जाड पेनाने वर लिहिलं, उभं ठेवा. मग पेन तिच्यापुढे केलं. तिने खोक्याच्या एका बाजूला बाण काढला आणि बाणापाशी लिहिलं, उजवं टोक. ट्रकवाल्यांना त्याचं काय होतं? पण लिहिलं.

आत गठुडी कुरकुरली. तिचे कान उठून आधी गेले, आणि त्यांच्या मागून ती.